शाळेचं दुसरं दार



आज मी इतिहास सांगणार आहे तो राजाचा नाही, लढाईचाही नाही. एका इमारतीचा आहे. तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच आयुष्याची दहा-बारा वर्षं जिच्यात काढली, त्या शाळेच्या इमारतीचा. मुलं आणि शिक्षक तिच्यात सुरक्षित राहावेत म्हणून आपल्या देशानं काय केलं, कधी केलं आणि कशामुळे केलं, एवढाच आजचा विषय आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना ते तुम्हाला तपासून पाहता येईल. शाळेच्या सुरक्षेचे मुळात दोन प्रश्न असतात. पहिला, आत कोण येतं? दुसरा, वेळ आली तर आतले सगळे बाहेर कसे पडतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे भिंत, फाटक, पहारेकरी, कॅमेरा. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे रुंद जिना, बाहेर उघडणारं दार, समोर मोकळं पटांगण. पंचाईत अशी की पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा दुसऱ्याच्या आड येतं. चोर आत येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप आगीच्या वेळी मुलांनाच आत कोंडतं. आपल्याकडे पहिल्या प्रश्नावर पुष्कळ काम झालं. दुसऱ्यावर लिहिलं पुष्कळ गेलं, केलं फार कमी गेलं.

आता थोडं मागे जाऊ.

आपल्याकडे शाळेला स्वतःची अशी इमारत असणं ही फार जुनी गोष्ट नाही. पंतोजींची शाळा कुणाच्या तरी पडवीत, देवळाच्या ओवरीत, नाहीतर झाडाखाली भरायची. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती भिडे वाड्यात, म्हणजे एका राहत्या वाड्यात. १८५४च्या वुड साहेबाच्या खलित्यानंतर प्रांतोप्रांती शिक्षण खाती उभी राहिली, खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागलं आणि शाळा ही एक वेगळी इमारत होत गेली. पडवीला आणि ओवरीला एक बाजू उघडी असते. पोरांना पळून जाणं सोपं होतं, आणि जीव वाचवणंही.

स्वातंत्र्यानंतर मुलं वाढली, त्या मानानं खोल्या वाढल्या नाहीत. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ नावाची योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन बऱ्यापैकी मोठ्या, सर्व ऋतूंत वापरता येतील अशा खोल्या आणि पुढे खोल व्हरांडा असावा, असं त्या योजनेत होतं. १९८६ साली देशाला दोन खोल्यांचं स्वप्न पाहावं लागत होतं, यावरून ओळखा. जिथे खोलीच नाही तिथे ती सुरक्षित आहे का, हे विचारणार कोण? त्यामुळे संस्थाचालकांनी मिळेल तशी जागा वापरली. गच्चीवर छप्पर टाकलं, व्हरांडे बंद केले, जिन्याखाली सामान कोंबलं. व्हरांडा बंद झाला की उघडी बाजू गेली. ही छोटी गोष्ट वाटते, पण पुढच्या सगळ्या प्रकरणांत ती दिसेल.

आणि असं नाही की काय करावं हे माहीत नव्हतं. राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा १९७० साली निघाली, मग १९८३, २००५ आणि २०१६ साली तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. शाळेच्या जिन्याची रुंदी निदान दीड मीटर असावी, बाहेर पडायची दारं बाहेरच्या बाजूला उघडावीत, आतल्या माणसाला ती किल्लीशिवाय उघडता यावीत, हे सगळं या संहितेत लिहिलेलं आहे. पण ही संहिता स्वतः कायदा नाही. राज्यांनी आणि नगरपालिकांनी ती आपल्या नियमांत घेतली तर ती लागू होते, आणि नियमांत घेतल्यावरही कुणीतरी जाऊन जिना मोजावा लागतो.

आता तारखा ऐका.

२३ डिसेंबर १९९५. हरियाणातलं मंडी डबवाली. एका शाळेचा वार्षिक बक्षीस समारंभ. तो शाळेत नव्हता, एका मंगल कार्यालयात मोठा शामियाना घालून केला होता. कृत्रिम धाग्याचं कापड, विजेच्या तारा, समोर गच्च गर्दी, आणि बाहेर पडायला एकच दार. आग काही मिनिटांत संपूर्ण छतावर पसरली आणि जळतं कापड लोकांच्या अंगावर पडलं. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यांतली निम्म्याहून अधिक मुलं होती. पुढे चौकशी आयोग नेमला गेला, आणि नुकसानभरपाईचा उच्च न्यायालयाचा निकाल २००९ साली आला.

१६ जुलै २००४. तमिळनाडूतलं कुंभकोणम. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातलं हे गाव, आजही तिथे मराठी घरं आहेत. एकाच इमारतीत तीन शाळा भरत होत्या. मधल्या सुट्टीच्या जेवणासाठी स्वयंपाकघरात चूल पेटली होती आणि छप्पर होतं नारळाच्या झावळ्यांचं. ठिणगी उडाली, छप्पर पेटलं, ते खाली वर्गावर कोसळलं. जिना अरुंद होता. ९४ मुलं गेली, बहुतेक सगळी प्राथमिक वर्गातली. इमारत संहिता निघून तेव्हा ३४ वर्षं झाली होती.

या प्रकरणात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या शाळेला मान्यता होती, अनुदान होतं, म्हणजे तिथे सरकारी माणसं येत-जात होती. २१ जणांवर खटला चालला, त्यांत संस्थाचालकांबरोबर शिक्षण खात्याचे आणि नगरपालिकेचे लोकही होते. २०१४ साली, म्हणजे दहा वर्षांनी, निकाल लागला. १० जण दोषी ठरले, ११ सुटले. झावळ्यांचं छप्पर कुणाला दिसलं नव्हतं असं नाही. ते रोज सगळ्यांना दिसत होतं. फक्त ते बघणं कुणाचं काम आहे, हे ठरलेलं नव्हतं.

कुंभकोणमनंतर सर्वोच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली. अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या नावानं ती ओळखली जाते. १३ एप्रिल २००९ रोजी न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांच्या खंडपीठानं निकाल दिला. न्यायालयानं म्हटलं की शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क येतो. शाळांत आग विझवण्याची साधनं असावीत, शिक्षकांना ती वापरायचं प्रशिक्षण मिळावं, इमारती संहितेप्रमाणे असाव्यात, वेळोवेळी तपासणी व्हावी, असे आदेश दिले. माझ्या मते आपल्या शालेय इतिहासातला हा एक मोठा निकाल आहे, आणि पालकांपर्यंत तो फारसा पोहोचलेला नाही.

आता गंमत पाहा, गंमत म्हणजे दुःखाची. त्याच वर्षी, ऑगस्ट २००९ मध्ये, शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याला एक परिशिष्ट आहे, शाळेत काय काय असलं पाहिजे याचं. त्यात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आहे, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आहेत, पिण्याचं पाणी आहे, मैदान आहे, मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकघर आहे आणि इमारतीच्या सुरक्षेसाठी कुंपण किंवा भिंत आहे. आगीचा उल्लेख नाही, दुसऱ्या दाराचा नाही. राज्यांच्या नियमांत आणि मान्यतेच्या अटींत या गोष्टी आल्या आहेत, हे खरं. पण देशभरच्या लोकांना जे परिशिष्ट पाठ झालं, त्यात भिंत आली आणि दार राहून गेलं.

आगीइतकाच दुसरा शत्रू भूकंप. त्याचा इतिहास पाहिला तर घड्याळाकडे लक्ष जातं.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच सरली होती. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. शाळाही पडल्या, पण त्या वेळी त्या रिकाम्या होत्या. २६ जानेवारी २००१, कच्छ. सकाळचे ८ वाजून ४६ मिनिटं. प्रजासत्ताक दिन होता, म्हणून पुष्कळ शाळांत मुलं वर्गात नव्हती, मैदानावर झेंड्याभोवती उभी होती. तरीही सरकारी नोंदीप्रमाणे ९७१ विद्यार्थी आणि ३१ शिक्षक गेले, आणि अठराशेहून अधिक शाळा-इमारती कोसळल्या. मग ८ ऑक्टोबर २००५, काश्मीरचा भूकंप. शनिवारची सकाळ आणि शाळा भरलेल्या. नियंत्रणरेषेच्या पलीकडे मुझफ्फराबादच्या बाजूला वर्गांवर स्लॅब पडले आणि हजारो विद्यार्थी त्याखाली गेले. किल्लारीत वेळ वेगळी असती तर काय झालं असतं, याचं उत्तर आपल्याला बारा वर्षांनी शेजारच्या देशात मिळालं.

कच्छमधल्या अंजारची गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिथे मुलांची प्रभातफेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंच्या इमारती फेरीवर कोसळल्या. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. आज तिथे वीर बाळक स्मारक आहे. म्हणजे नुसतं शाळेबाहेर पडणं पुरत नाही. बाहेर पडून जिथे उभं राहायचं ती जागा मोकळी लागते.

या दिशेनं चांगलं कामही झालं आहे, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. सर्व शिक्षा अभियानात नव्या शाळा बांधताना उत्तर प्रदेशानं २००६च्या सुमारास भूकंपाला तोंड देतील असे नकाशे स्वीकारले आणि ते बांधण्यासाठी गवंड्यांना आणि अभियंत्यांना प्रशिक्षण दिलं. भिंतीत ठराविक उंचीवर सिमेंट-काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, कोपऱ्यांत उभ्या सळया घालायच्या. बांधतानाच केलं तर खर्च थोडा वाढतो, नंतर करायला गेलं तर कित्येक पट लागतो. २०११ साली केंद्रानं राष्ट्रीय शाळा सुरक्षा कार्यक्रम २२ राज्यांतल्या ४३ जिल्ह्यांत सुरू केला. २०१६ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कागदावर आपण कधीच मागे नव्हतो.

मग लक्ष दुसरीकडे वळलं. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या लष्करी शाळेवर दहशतवाद्यांनी हल्ला केला, १३०हून अधिक मुलं मारली. आपल्याकडेही केंद्रीय गृह मंत्रालयानं राज्यांना सूचना दिल्या. शाळांच्या भिंती उंच झाल्या, त्यावर काटेरी तारा आल्या, फाटकावर नोंदवही आली. ८ सप्टेंबर २०१७ रोजी गुरुग्राममधल्या एका शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. चारच दिवसांत सीबीएसईनं परिपत्रक काढलं की कॅमेरे लावा, सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी करा, बाहेरच्यांना आत सोडू नका.

त्या प्रकरणात पुढे काय झालं, हे विसरू नका. पोलिसांनी आधी शाळेच्या बसच्या कंडक्टरला पकडलं. नंतर सीबीआयनं तपास हाती घेतला, त्याच शाळेतल्या एका मोठ्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं, आणि न्यायालयानं कंडक्टरला आरोपातून मुक्त केलं. परिपत्रकाचा रोख बाहेरच्या माणसावर आणि हाताखालच्या कर्मचाऱ्यांवर होता. शिपाई, सफाई कामगार, ड्रायव्हर, कंडक्टर यांचीही सुरक्षा असते, आणि पुराव्याशिवाय संशय हा त्यांच्या सुरक्षेवरचा घाला असतो, हे आपण बोलत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला दोन चिमुकल्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. लोक रेल्वे रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र सरकारनं महिन्याभरात कॅमेरे लावण्याचा आदेश काढला. कॅमेरे हवेतच, मी त्याविरुद्ध नाही. पण त्या प्रकरणात लोक चिडले ते तक्रारीची दखल घ्यायला झालेल्या उशिरामुळेही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानं अशी गोष्ट कळताच कळवणं बंधनकारक केलेलं आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. कॅमेरा झालेलं दाखवतो. मूल सांगतं ते ऐकायला माणूसच लागतो.

आणि दाराचा प्रश्न तसाच राहिला. २४ मे २०१९, सुरत. व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर शिकवणी चालली होती. आग लागली, वर जाणारा लाकडी जिना जळाला, मुलांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. २२ विद्यार्थी गेले. २५ जुलै २०२५, राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यातलं पिपलोदी. सरकारी शाळेचं छत सकाळी वर्गावर पडलं. ७ मुलं गेली. त्यानंतर केंद्रानं सगळ्या राज्यांना शाळा-इमारतींची तपासणी करायला सांगितलं. सोळा वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी तपासणी करा असं सांगितलं होतं, ते आठवा.

काही जण म्हणतील, आपला देश मोठा, लाखो शाळा, हे होणारच. मला हे पटत नाही. १ डिसेंबर १९५८ रोजी अमेरिकेत शिकागोच्या एका शाळेला आग लागली, ९२ मुलं आणि ३ शिक्षिका गेल्या. ती शाळा काही आठवड्यांपूर्वीच तपासणीत उत्तीर्ण झाली होती, कारण जुन्या इमारतींना नवे नियम लागू नव्हते. त्या आगीनंतर तिथे जुन्या शाळांची सवलत कमी केली गेली, पाणी फवारणारी यंत्रणा आणि धोक्याच्या घंटा बसल्या, सराव नेमानं होऊ लागले. त्यानंतर तिथल्या शाळांत इतके बळी घेणारी आग लागलेली नाही. आज त्याच देशात बंदूकधाऱ्याच्या भीतीनं शाळांची दारं आतून घट्ट करायची वेळ आली आहे, आणि तिथलेही लोक हाच पेच सोडवतायत की दार बाहेरून बंद आणि आतून उघडं कसं ठेवायचं. याचं उत्तर अवघड नाही, संहितेत लिहिलेलं आहे. बाहेरून किल्ली लागते, आतून नुसतं ढकललं की उघडतं, असं दार.

आपल्याकडे काय दिसतं? मी व्याख्यानांसाठी वेगवेगळ्या राज्यांतल्या शाळांत जातो. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी चॅनल गेट असतं, त्याला कुलूप असतं, आणि किल्ली शिपायाच्या कमरेला. शिपाई बँकेत गेलेला असतो. शाळा वाईट नसते, मुख्याध्यापक प्रेमळ असतात. ते म्हणतात, “सर, पालकच सांगतात, फाटक बंद ठेवा.” पालकांचं चुकतं असं मी म्हणत नाही. त्यांना गुरुग्राम आठवतं, बदलापूर आठवतं. कुंभकोणम आठवत नाही, कारण ते कुणी सांगितलेलं नसतं. इतिहास शिकवणाऱ्याचं काम इथेच सुरू होतं.

म्हणून शेवटी कामाचं बोलतो. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावात, हैदराबादला किंवा नागपुरात, मुलाच्या शाळेच्या पुढच्या पालकसभेत हे विचारा. वर्गापासून पटांगणापर्यंत जायचे दोन वेगळे रस्ते आहेत का? चॅनल गेटची किल्ली शाळेच्या वेळेत कुठे असते, आणि मुळात त्या वेळेत कुलूप लागतंच कशाला? खिडकीचे गज एका तरी ठिकाणी आतून उघडतात का? छताची तपासणी शेवटची कुणी केली, त्याचा कागद दाखवा. आणि मुलांना पटांगणात आणण्याचा सराव या वर्षी कधी झाला, किती मिनिटं लागली? चालता न येणाऱ्या मुलाला कोण उचलणार, हे ठरलंय का? त्याच सभेत हेही विचारा की मुलानं काही सांगितलं तर ते कुणाला सांगायचं, त्या बाईंचं नाव मुलांना माहीत आहे का?

सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. म्हणजे हे प्रश्न विचारणं हा आगाऊपणा नाही, ते तुमचं कायदेशीर काम आहे. खासगी शाळेत असाल तर २००९चा निकाल तिथेही लागू आहे. तोंडी विचारा, मग लेखी द्या, आणि पोच घ्या. एकट्यानं जाऊ नका, चार-पाच पालक मिळून जा. शिक्षकांना विरुद्ध बाजूला ढकलू नका. छत पडलं तर ते त्यांच्याही डोक्यावर पडतं.

ही मालिका ऐकणाऱ्यांत शिक्षकही पुष्कळ आहेत. त्यांना एवढीच विनंती. उद्या शाळेत गेलात की घंटा व्हायच्या आधी एकदा आपल्या वर्गातून मैदानापर्यंत चालत जा. वाटेत काय काय आडवं येतं ते मोजा. जुनी बाकं असतील, कुंड्या असतील, सायकली असतील. त्यातलं जेवढं त्याच दिवशी हलवता येईल तेवढं हलवा. उरलेलं वहीत लिहा, तारीख घाला, आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा.